बाहेर गेलेला फटका कोण मोजतो?

फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉन्ट्रियल कनेडियन्स या आइस हॉकीतल्या सर्वांत जुन्या, मानाच्या संघानं मार्टिन सेंट लुईला मुख्य प्रशिक्षक नेमलं. खेळाडू म्हणून त्याचं नाव मोठं होतं. शिकवण्याचा अनुभव मात्र मुख्यतः स्वतःच्या मुलांच्या संघांना शिकवल्याचा. पुढे जून २०२४ मध्ये कॅरोलायना हरिकेन्सनी एरिक टल्स्कीला महाव्यवस्थापक केलं. हा रसायनशास्त्रातला पीएचडी. नॅनोतंत्रज्ञानात नोकरी करता करता हौसेनं हॉकीच्या आकडेवारीवर लिहायचा, आणि त्या लिखाणाच्या जोरावर संघाच्या कचेरीत पोचला. दोन नेमणुका एकमेकींच्या अगदी उलट, पण दोन्ही वेळची ओरड एकाच साच्यातली. पहिल्या वेळी सूर असा की नाव बघून खुर्ची दिली. दुसऱ्या वेळी असा की ज्यानं कधी पक (हॉकीतली रबरी चकती) अंगावर घेतला नाही, तो खेळाडू काय पारखणार?

मी टोरंटोजवळ राहतो. इथे हॉकीवर मत नसणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर मत नसणं. त्यामुळे हे भांडण मला टीव्हीवर, ऑफिसात आणि भाच्याला सरावाला सोडल्यावर रिंकमधल्या कॉफीच्या रांगेत, असं तिन्ही त्रिकाळ ऐकावं लागतं. एक बाजू 'जावे त्याच्या वंशा' म्हणते आणि लॅपटॉपवाल्यांवर उंटावरून शेळ्या हाकल्याचा आरोप करते. दुसऱ्या बाजूच्या मते जुने खेळाडू म्हणजे एकमेकांची सोय लावणारी टोळी. सोयरीक जुळवताना कूळ-गोत्र पाहावं, तशा दोन्ही बाजू माणसाचं मूळ तपासत बसतात.

मला हा वाद चुकीच्या टोकाला धरलेला वाटतो. माणूस खेळला होता का आणि किती मोठा खेळाडू होता, यापेक्षा खेळणं संपल्यावर त्यानं दुसऱ्यांचा खेळ किती वर्षं आणि कुठे बसून पाहिला, हे विचारायला हवं. खेळाडू, मग प्रशिक्षक, मग स्काउट (नवे खेळाडू हेरणारा) असा जो प्रवास कितीतरी माणसं गाजावाजा न होता करतात, तो निवृत्तीनंतरचा विरंगुळा नाही. ती एक स्वतंत्र कारागिरी आहे. तिची उमेदवारी ना मोठ्या खेळाडूला माफ असावी, ना पीएचडीवाल्याला. आणि ही उमेदवारी केलेल्या जुन्या खेळाडूकडे एक गोष्ट अशी असते, जी कुठल्याही संगणकाला कुणीतरी आधी सांगावी लागते: मोजायचं काय.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मीच मांडतो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च हॉकी लीगचे २०२० ते २०२५ या सहा वर्षांतले स्टॅन्ले कप, म्हणजे विजेतेपदं, पाहा. पहिले दोन टँपा बेचे, प्रशिक्षक जॉन कूपर. हा पेशानं वकील. मिशिगनमध्ये वकिली करत असताना एका न्यायाधीशानं आपल्या मुलाच्या शाळेचा संघ सांभाळशील का असं विचारलं, तिथून याची सुरुवात. २०२२ चा कप कोलोरॅडोचा. त्यांचा जॅरेड बेडनार खालच्या लीगांमध्ये खेळला, एनएचएलमध्ये एकही सामना नाही. २०२३ मध्ये व्हेगासचा ब्रूस कॅसिडी. एनएचएलचे सामने ३६. शेवटचे दोन फ्लोरिडाचे, पॉल मॉरिसच्या हाताखाली, ज्याचं खेळणं ज्युनिअर हॉकीत डोळ्याला झालेल्या दुखापतीनं संपलं. म्हणजे सहा कपांमागे चार प्रशिक्षक आणि चौघांचे मिळून एनएचएलचे सामने फक्त ३६. 'वंशा जाण्याचा' आग्रह धरणाऱ्यांनी याचं काय उत्तर द्यावं?

उलट उदाहरण तर सगळ्यांना पाठ आहे. वेन ग्रेट्झ्की. ८९४ गोल आणि २८५७ गुण नावावर असलेला हा माणूस २००५ ते २००९ अशी चार वर्षं फीनिक्स कायोटीजचा प्रशिक्षक होता. १४३ विजय, १६१ पराभव, शिवाय २४ सामने जादा वेळेत गमावलेले, आणि प्लेऑफ, म्हणजे कपासाठीची हंगामाअखेरची फेरी, एकदाही नाही. संघ दुबळा होता, क्लबची तिजोरी रिकामी होत चालली होती, हे खरं. त्यामुळे सगळं खापर त्याच्या माथी फोडणं बरोबर नाही. पण ज्याला पक कुठे जाणार हे आधीच दिसायचं, त्याला ते इतरांना का दिसत नाही हे कसं कळावं? आमच्या भाच्याच्या संघाला एक हंगाम असाच एक माजी व्यावसायिक खेळाडू शिकवायला होता. माणूस चांगला, पण त्याच्या शिकवण्याचा सारांश एवढाच की कठड्यावर काठी आपटायची आणि बारा वर्षांच्या पोरांवर 'अरे बघा ना!' असं ओरडायचं. पोरं बघतच होती. काय बघायचं, ते त्याला सांगता येत नव्हतं. हंगाम संपेपर्यंत भाच्यानं पास द्यायचाच सोडून दिला होता, कारण पास चुकला की ओरडा पडायचा आणि का चुकला ते कधी कळायचं नाही.

मग मोठे खेळाडू प्रशिक्षक म्हणून कुचकामी, असं म्हणायचं का? इथे आकडेवाल्यांचा उतावळेपणा सुरू होतो. टो ब्लेक १९३९ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, मोरिस रिशारच्या शेजारी खेळला, आणि प्रशिक्षक म्हणून तेरा हंगामांत आठ कप जिंकला. त्यातले पाच ओळीनं, १९५६ ते १९६०. पण मधली वर्षं कुणी सांगत नाही. जानेवारी १९४८ मध्ये पाय मोडून त्याचं खेळणं संपलं आणि मॉन्ट्रियलनं त्याला बोलावलं ते १९५५ मध्ये. दरम्यान तो ह्यूस्टन, बफेलो, व्हॅलीफील्ड अशा ठिकाणी, ज्यांची नावं वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापली जात, तिथले संघ चालवत होता. जाक लमेरनं खेळाडू म्हणून आठ कप जिंकले आणि मग स्वित्झर्लंडमधल्या सिएर या छोट्या गावात जाऊन खेळाडू-प्रशिक्षक झाला. तिथून एका कॉलेजच्या संघाचा सहायक, तिथून ज्युनिअर पोरांचा संघ. न्यू जर्सीला त्यानं कप मिळवून दिला तो १९९५ मध्ये. यांचा मोठेपणा आड आला नाही, कारण शेंदूर पुसून ते पुन्हा दगड व्हायला तयार झाले.

आणि आता त्या सहा कपांकडे परत. कूपर एनएचएलला पोचण्याआधी शाळेच्या, हौशी आणि ज्युनिअर संघांतून वर चढला. २०१२ मध्ये त्याच्या नॉरफोक संघानं सलग २८ सामने जिंकले, तेव्हा कुठे दारं उघडली. बेडनारनं खालच्या लीगा खेळाडू म्हणून पाहिल्या आणि प्रशिक्षक म्हणूनही. मॉरिस विशीतच ज्युनिअर पोरांना शिकवायला लागला. म्हणजे 'न खेळलेले' म्हणून ज्यांचा दाखला दिला जातो, त्यांनी बसच्या खिडकीशी रात्री काढल्या आहेत. ग्रेट्झ्कीला ज्या गोष्टीतून सूट मिळाली, ती यांच्यापैकी कुणालाच मिळाली नाही. मग फरक खेळण्या-न खेळण्याचा, की उमेदवारीचा? सेंट लुईचं उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देतं, हे मान्य. मॉन्ट्रियल त्याच्या हाताखाली २०२५ मध्ये प्लेऑफला पोचला. पण त्याचं पूर्वायुष्य विसरू नका. पाच फूट आठ इंच उंचीचा हा मुलगा ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत, कुणालाच नको होता, कॅलगरीनं घेऊन सोडून दिला, आणि २००४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. नाकारला गेलेला माणूस बेंचवर बसून दुसऱ्यांना बघतो. ती उमेदवारी त्यानं खेळतानाच केली होती.

अल आर्बर हे माझं लाडकं उदाहरण. चष्मा लावून खेळणारा बचावपटू! लीगमधून खाली, खालून पुन्हा वर, असा अर्धा जन्म गेला. १९७३ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्स त्याच्या हाती आले तेव्हा आदल्या हंगामात त्यांनी ७८ पैकी जेमतेम १२ सामने जिंकले होते. १९८० ते १९८३ सलग चार कप, प्लेऑफच्या सलग १९ मालिका अजिंक्य. आमच्या तालमीतल्या वस्तादांची आठवण येते. हिंदकेसरीची गदा वस्तादाकडे असतेच असं नाही, पण कुणाची पकड कुठे सैल पडते हे त्याला आखाड्याच्या कडेवरून दिसतं.

या वादाची खरी गंमत मात्र वेगळ्याच माणसात आहे. १९७९-८० च्या हंगामात एडमंटन ऑयलर्स पहिल्यांदा एनएचएलमध्ये खेळले. ग्रेट्झ्की त्या संघात होता, वय अठरा-एकोणीस. त्याच ड्रेसिंग रूममध्ये जिम कोर्सी नावाचा एक गोलरक्षक बसायचा. एनएचएलमध्ये तो २६ सामने खेळला, सगळे त्याच हंगामात. मग तो इटलीत गेला, इटलीच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला. या इटलीनं १९८२ च्या जागतिक स्पर्धेत ग्रेट्झ्कीच्या कॅनडाला ३-३ असं रोखलं होतं, पण तो वेगळा किस्सा. पुढे कोर्सी बफेलो सेबर्समध्ये गोलरक्षकांचा प्रशिक्षक झाला. तिथे त्याला एक गोष्ट खटकायची. गोलरक्षकानं किती काम केलं हे ठरवताना लीग फक्त गोलवर आलेले फटके मोजत असे. जो फटका खांबाच्या बाहेरून गेला, जो मध्येच बचावपटूच्या पायाला लागला, तो हिशेबातच नाही. पण गोलरक्षकाला काय ठाऊक की हा बाहेर जाणार? तो प्रत्येक वेळी गुडघे वाकवतो, हातमोजा उघडतो, श्वास रोखतो. दमतो तेवढाच. म्हणून कोर्सी सगळे फटके मोजायला लागला: लागलेले, चुकलेले, अडलेले.

संघाच्या व्यवस्थापकानं रेडिओवर ही कल्पना बोलून दाखवली, ती एका आकडेवेड्या श्रोत्यानं उचलली आणि तिच्यावरून दोन संघांतलं पारडं मोजायचं एक माप बनवलं. नाव शोधताना त्याला बफेलोच्या प्रशिक्षकांच्या फोटोंमध्ये कोर्सीची झुबकेदार मिशी आवडली, म्हणून 'कोर्सी'. आज हॉकीतल्या आकडेशास्त्राचं हे पहिलं अक्षर आहे. ज्या आकड्याच्या जोरावर जुन्या खेळाडूंना हिणवलं जातं, तो एका जुन्या खेळाडूच्या दुखऱ्या गुडघ्यांतून निघालाय. आता सांगा, हा माणूस कुठल्या टोळीचा? बाहेर गेलेल्या फटक्यानंही माणूस दमतो, हे कुठल्याही आकडेतज्ज्ञाला सुचलं असतं का? कदाचित सुचलंही असतं, पण आधी सुचलं ते फटक्यांसमोर उभ्या राहिलेल्याला. आणि त्यालाही खेळताना सुचलं नसावं. दुसऱ्याला फटके झेलताना रोज बघायला लागल्यावर सुचलं, असा माझा अंदाज आहे.

स्काउटची गोष्ट याच अंगानं पाहायला हवी. स्काउट म्हणजे काय, हे आपल्याकडे थोडं सांगावं लागतं. एनएचएलचे ३२ संघ दरवर्षी सात फेऱ्यांत २२४ पोरं निवडतात, बहुतेक अठराच्या आसपासची. त्यांच्यासाठी वर्षभर जी माणसं आडगावच्या गारठलेल्या रिंकमध्ये वही घेऊन बसतात, ते स्काउट. १९७२ च्या नाताळात टोरंटो मेपल लीफ्सचा जेरी मॅक्नामारा एक गोलरक्षक बघायला स्वीडनला गेला. तो स्वतः गोलरक्षक होता, लीफ्सकडून उभ्या आयुष्यात सात सामने. ज्याला बघायला गेला तो राहिला बाजूला आणि दुसरेच दोघे त्याच्या नजरेत भरले: बोरिए साल्मिंग आणि इंगे हमरस्ट्रोम. साल्मिंग पुढे या शहराचं दैवत झाला. युरोपातली पोरं मारामारीला घाबरतात, ही समजूत त्यानं एकट्यानं मोडून काढली.

हमरस्ट्रोमच्या वाट्याला मात्र टिंगल आली. क्लबचे मालक हॅरल्ड बॅलर्ड यांनी जाहीरपणे म्हटलं की याच्या खिशात सहा अंडी ठेवून कोपऱ्यात पाठवा, एकही फुटणार नाही. चार-पाच वर्षांत त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. हाच हमरस्ट्रोम पुढे फिलाडेल्फियाचा स्वीडनमधला स्काउट झाला आणि १९९१ च्या ड्राफ्टमध्ये पीटर फोर्सबर्गचं नाव त्यानं लावून धरलं. सहाव्या क्रमांकावर त्या पोराला घेतलं तेव्हा बऱ्याच जणांनी भुवया उंचावल्या. नाजूक हातांचा आणि तरी अंगावर येणाऱ्याला आडवा करणारा असा दुसरा खेळाडू त्या पिढीत क्वचितच झाला. अंड्यांचा टोमणा ज्यानं सोसला, त्याला 'मऊ' दिसणाऱ्या पोरात खरंच काय आहे, हे तपासून बघावंसं वाटलं असेल, यात नवल ते काय? (फिलाडेल्फियानं पुढच्याच वर्षी फोर्सबर्ग एका मोठ्या सौद्यात देऊन टाकला आणि त्यानं दोन कप जिंकले ते कोलोरॅडोसाठी. आंधळं दळतं, ते असं.)

या नजरेच्या चुका मी झाकणार नाही. तिला उंच, रुंद, आपल्यासारखीच बोलणारी पोरं आवडत आली. पुढे मोठे खेळाडू झालेले दोघे पाहा: पावेल दात्सुक १९९८ च्या ड्राफ्टमध्ये १७१ वा निवडला गेला, हेन्रिक झेटरबर्ग पुढच्या वर्षी २१० वा. दोघांनाही हेरणारा डेट्रॉइटचा हाकान अँडरसन आधी गळ टाकायला येणाऱ्या पर्यटकांचा वाटाड्या होता, नामवंत खेळाडू नव्हे. आणि 'आम्ही खेळलोय' म्हणणाऱ्यांना खेळलेल्या बायका कित्येक दशकं दिसल्याच नाहीत. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघाची कर्णधार कॅमी ग्रानाटो हिला एनएचएलच्या संघानं स्काउट म्हणून घेतलं ते २०१९ मध्ये. या लीगमधली ती पहिली स्त्री व्यावसायिक स्काउट. मॅक्नामाराचीही पुढची गोष्ट आहे: स्काउट म्हणून गाजला, १९८१ ते ८८ लीफ्सचा महाव्यवस्थापक झाला, आणि त्या सगळ्या काळात संघानं एकही हंगाम पराभवांपेक्षा जास्त विजयांनी संपवला नाही. एक काम येतं म्हणून दुसरं येतंच असं नाही. हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं उरतंच. अँडरसनची पुण्याई त्याच्या आडगावच्या फेऱ्यांमध्ये होती, आणि ग्रानाटोला नाकारलं होतं ते तिच्या नजरेत खोट होती म्हणून नव्हे.

आपल्याकडे हा प्रयोग होऊन गेलाय. २००२ मध्ये मकरंद वायंगणकरांच्या कल्पनेतून आणि दिलीप वेंगसरकरांच्या अध्यक्षतेखाली क्रिकेट मंडळानं माजी रणजी खेळाडूंना छोट्या गावांतले सामने बघायला पाठवण्याची योजना आखली. बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार जमशेदपूरला गेले आणि एका यष्टिरक्षकाबद्दल कळवलं. अकादमीसाठीची १९ वर्षांची अट तो ओलांडून बसला होता. धोनी त्याचं नाव. धावांच्या याद्या तेव्हाही मंडळाकडे होत्या. त्या यादीतून अट मोडावीशी कुणाला वाटली नसती. फटक्याचा आवाज ऐकलेल्याला वाटली. ती योजना पुढे गुंडाळली गेली. मुख्य संघाच्या प्रशिक्षकाला किती कोटी द्यावेत, यावर मात्र आपण आजही तावातावानं बोलतो.

इथेही तसंच. मोठ्या नावाला थेट मोठी खुर्ची, आकडेतज्ज्ञाला वातानुकूलित खोली, आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कुऱ्हाड वहीवाल्यावर. जून २०२० मध्ये, साथीच्या दिवसांत, बफेलोनं, हो, कोर्सीच्याच बफेलोनं, महाव्यवस्थापकासकट स्काउटांची मोठी फळी एका दिवसात घरी पाठवली. २०११ नंतर २०२५ पर्यंत हा संघ एकदाही प्लेऑफला पोचला नाही. हा दुष्काळ त्या कपातीच्या कितीतरी आधीपासूनचा, त्यामुळे मी दोन्हींची गाठ मारणार नाही. पण तेव्हाचा युक्तिवाद आजही ऐकू येतो: आता प्रत्येक सामना पडद्यावर दिसतो, मग गाडीचं पेट्रोल कशाला जाळायचं? कॅमेरा पकच्या मागे फिरतो, म्हणून. सामना थांबल्यावर काय होतं, पोरगं बेंचकडे कसं येतं, हे चौकटीबाहेर घडतं. तिथे बघायचं असतं हे ज्याला ठाऊक नाही, तो कॅमेरा तिकडे वळवायला तरी कधी सांगेल?

मागच्या जानेवारीत भाच्याच्या सामन्याला मी वरच्या रांगेत जाऊन बसलो, कारण खाली पालकांचा आरडाओरडा असह्य झाला होता. कोपऱ्यात एक साठीचा गृहस्थ होता. मांडीवर वही, एका हाताला मोजा नाही, लिहिण्यासाठी. नाक पूर्वी कधीतरी मोडून वाकडंच सांधलेलं. सामना चालू असताना त्यानं फारसं काही लिहिलं नाही. दुसऱ्या सत्रात सात नंबरच्या पोराच्या चुकीमुळे गोल झाला, सगळे कण्हले, आणि हा भराभर लिहायला लागला. तिसऱ्या सत्राच्या मध्यावर तो उठला. दोन तासांवरच्या गावात संध्याकाळचा सामना होता म्हणे. जाता जाता त्यानं मला सहज विचारलं, "गोल झाल्यावर तो सात नंबर बेंचवर कुणाशेजारी जाऊन बसला, पाहिलंत का तुम्ही?"

मी तेव्हा गोलफलक बघत होतो.